कंट्रोल रूमला सादर नमस्कार

६ जानेवारी, सोमवार
इंजिनियरिंग कॉलेज सुरू. उज्जैनपासून बसने तासभर, गव्हाच्या शेतांत उभी केलेली इमारत, आणि फायनल इयरला इंग्रजी शिकवायला मी एकटा. माझ्याआधीचे तिघे इंदूरला पळाले. मी पळणारा नव्हे.
संकल्प : यंदा मुलांना बोलायला लावायचं. आपण कमी बोलायचं.

९ जानेवारी
आज कमीच बोलणार होतो. पण इंग्रजीच्या भीतीचा विषय निघाला. (मीच काढला.) गुलामी, स्वाभिमान, भाषा आणि पोट, सगळं आलं. हिंदीतून बोललो, काळजाला भिडतं. बेल झाली तेव्हा वर्ग स्तब्ध. मागच्या बाकावरचा गोपाळ तर डोळे मिटून ऐकत होता.

२१ जानेवारी
मार्चमध्ये सोलर कंपनी येणार. आगरकडच्या त्यांच्या प्लांटवर बाहेरचे इंजिनियर टिकत नाहीत. गरमी, धूळ, संध्याकाळी जायला जागा नाही; महिन्याभरात राजीनामा. म्हणून आसपासचीच मुलं हवीत. प्लेसमेंटचे दत्तात्रय सर म्हणाले, कंट्रोल रूम चेन्नईत आहे, बस फोन पे इंग्लिश में बता दे क्या बिगड़ा. एवढंच? मी हसलो. मी वक्ते घडवीन!
वर्गानंतर निहारिका थांबली. प्लांट तिच्या गावाला लागूनच. पापा म्हणतात, तिथे लागलीस तर कर नोकरी, नाहीतर आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न. मुलगा बघून ठेवलाय. सर, हो जाएगा ना? मी म्हणालो, बेटा, मैं बैठा हूँ.

४ फेब्रुवारी
निहारिका म्हणाली, सर, फोनची प्रॅक्टिस करू या, आप चेन्नई, मैं प्लांट. पोरखेळ! समजावलं, आधी छाती लागते, मग भाषा. उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, टाळ्यांसाठी कुठे थांबायचं. तास तिथेच संपला. प्रॅक्टिस उद्या.

५ फेब्रुवारी
प्रॅक्टिस राहिली. संध्याकाळी उज्जैनला, फ्रीगंजच्या मराठी मंडळात माझं व्याख्यान होतं, त्यामुळे घसा जपायला वर्गच घेतला नाही. सुमन म्हणाली, घसाच जपायचा होता तर पोरांना बोलू द्यायचं. बायकोला अध्यापनशास्त्र कळत नाही. चहा मात्र चांगला करते.

१८ फेब्रुवारी
फोनवरची दोन वाक्यं शिकवून कारकून तयार होतात. मी भाषण लिहून दिलं, 'द सन अँड द नेशन'. सगळ्यांना पाठ करायला लावलं. निहारिका न अडखळता म्हणते. माझे डोळे भरून आले. तिने पुन्हा फोनचं विचारलं. या वयात घाई असतेच.

११ मार्च
इंटरव्ह्यू. मी दाराबाहेर उभा होतो, दार उघडं होतं. कंपनीचे साहेब निहारिकाला म्हणाले, समजा इन्व्हर्टर बंद पडला, मी कंट्रोल रूम, फोन करा. ती उठली. हात जोडले. रिस्पेक्टेड डिग्निटरीज ऑन द डायस! संपूर्ण भाषण म्हटलं, एकही चूक नाही. टाळ्यांसाठी थांबलीसुद्धा.
साहेबांनी विचारलं, अँड द इन्व्हर्टर?
तिने हात खाली घेतले. मग एकदम हिंदीत भडाभडा सांगितलं, काय बघेन, काय बंद करीन, कुणाला कळवीन. साहेब म्हणाले, बिलकुल सही, पर बेटा, चेन्नई में हिंदी कौन समझेगा?
मग गोपाळने तेच भाषण म्हटलं. त्यानंतरच्याने तेच. चौथ्याला साहेबांनी नमस्कारालाच थांबवलं.
एकही लागला नाही. ज्या देशात कंपन्यांना वक्तृत्व नको, फक्त तार मास्तर हवेत, त्या देशाचं काय होणार? साहेबांना हे तोंडावर सुनावणार होतो. मुद्दे जुळवेपर्यंत गाडी निघून गेली.
दत्तात्रय सर म्हणाले, श्रीकांतजी, इंटरव्यू था कि पंद्रह अगस्त?
निहारिका बसमध्ये माझ्यापुढच्याच सीटवर होती. मी तिला धीर दिला, उज्जैन येईपर्यंत. तिने मान वळवली नाही. एकाग्रता आहे मुलीत.

१७ मार्च
संकल्प : निहारिकाच्या पापांना भेटून वर्षभर थांबायला सांगायचं. माझा शब्द कोण मोडेल?

२ एप्रिल
भेटलो. स्त्रीशिक्षणावर बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, ताक दिलं, आणि लग्नाचं आमंत्रण दिलं.

३० एप्रिल, आखातीज
लग्नाला गेलो. पहिल्या रांगेत बसवलं. जेवणाआधी पापांनी माइक हातात दिला, मास्टरसाहब, दो शब्द. मी मोठ्या मनाने माइक निहारिकापुढे धरला. म्हणालो, आज तू बोल बेटा, इंग्रजीत, दोनच वाक्यं.
तिने हात जोडले, अगदी मी शिकवले तसेच. म्हणाली, सर, आप ही बोलिए. हमें तो आपने सुनना ही सिखाया है.
मंडप हसला. मीही हसलो. मग बोललो. पूर्ण बोललो.
घरी आल्यावर सुमनने विचारलं, पोरगी काय म्हणाली? सांगितलं. ती काही बोलेल म्हणून थांबलो.
ती बोलली नाही. मीही.