अर्धा अंश जास्त

रविवार, १७ तारीख, सकाळचे सव्वादहा

तीर्थरूप ताईस नमस्कार,

आम्ही तिघंही ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द या खेपेला पारखून लिहिला आहे. एकवीस दिवस लांबलेला रत्तीचा चौथा केमो उद्या आहे. परवाच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वर आल्या आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला, लागू कामाला." वजन सतरा किलो चारशे, माझ्या काट्यावर. हॉस्पिटलचा काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवत होता. मी तसं म्हटलं, त्यांनी तपासला, जास्तच निघाला! जुने काटे उघडून-जोडून स्वतःच शिकलेल्या चौथी नापास माणसाने काढलेली चूक आहे ही.

पण पत्र तुझ्या भाचीच्या कौतुकाचं आहे. सात वर्षांची पोर. सुई टोचताना रडत नाही असं नाही, चांगली भोकाड पसरते. पण हात तसूभर हलवत नाही. सिस्टरला सांगते, "मी रडते, तुम्ही टोचा." वॉर्डात होतो तेव्हा एकदा सलाईनचे थेंब मोजत बसली होती. "बाबा, मिनिटाला वीस म्हणाल्या होत्या. सव्वीस पडतायत." मी घड्याळ लावलं. सव्वीसच! सिस्टरने वेग कमी केला आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

"काटेवाल्याची."

ताई, एवढा मोठा मी कधी झालो नव्हतो.

तुझी आठवण काढते. आत्या का येत नाही, विचारते. काम निघालं म्हणतो.

आता त्या दिवसाचं. ताप एकदम चढला, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. तसं झालं नव्हतं.

त्या दुपारी ही कामावर होती आणि रत्तीजवळ आपण दोघं. पावणेएकला थर्मामीटरने १००.७ दाखवला. डॉक्टरीणबाईंचा नियम साधा होता: १००.४ च्या वर गेला की पोरीला उचलायचं आणि यायचं, विचार करायचा नाही. केमोनंतर अंगात झुंजायला काही उरलेलं नसतं. पण माझी काटेदुरुस्तीच्या दुकानातली सवय. कुठलंही यंत्र हातात आलं की त्याची चूक शोधायची आणि वर चिठ्ठी डकवायची. या थर्मामीटरवरही होती: 'अर्धा अंश जास्त दाखवतो.' मी अर्धा वजा केला. १००.२. बसलो.

तू म्हणालीस, "अरे, ती चिठ्ठी ठेव बाजूला. पोरीच्या कपाळाला हात लाव."

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो: "शाळा शिकलीस म्हणून मला मोजमाप शिकवू नकोस." तू चप्पल घातलीस. तरी दारातून म्हणालीस, "माझ्यावर राग काढ, पण आधी तिला ने."

त्यानंतर चार तास दहा मिनिटं मी वजाबाकी करत होतो. १०३ ला धावलो. पुढचे नऊ दिवस रत्ती अतिदक्षता विभागात होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताप कधीपासून?" मी म्हणालो, "तासभर झाला असेल." तेवढ्यात ऑक्सिजनच्या मास्कमागून आवाज आला, "नाही. पावणेएकपासून. बाबा अर्धा वजा करत होते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी, लाज वाटते सांगायला, ऊर भरून आला. ग्लानीतसुद्धा पोरीने माप सोडलं नाही.

पुढे तो थर्मामीटर हॉस्पिटलातल्याशी तीनदा ताडून पाहिला. तंतोतंत बरोबर. मी तो ज्याच्याशी ताडला होता, तो दुकानातला माझा भरवशाचा जुना थर्मामीटरच अर्धा अंश कमी दाखवत होता.

हिला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुझ्याशी मात्र खोटं बोलून बसलो.

काल चिठ्ठी खरवडून काढत होतो. रत्ती म्हणाली, "द्या इकडे, फाडाल." अलगद सोलली, माझ्या शर्टाच्या खिशावर डकवली आणि वर बोटाने दाबली. "आता बरोबर जागी आहे."

केमोनंतरचे दहा दिवस धोक्याचे. तू घरी हवीस. आकडा मी वाचेन, कपाळाला हात तू लावायचास आणि निघायचं कधी तेही तूच सांगायचंस. मी वाद घातला तर खिशाकडे बोट दाखव. शर्ट धुवायला दिलेला नाही.

तुझा,
अर्धा अंश जास्त दाखवणारा
भाऊ