बाभळीपुढचा चेंडू

प्रिय बिरू,

पत्राच्या माथ्यावर आधी इकडची खुशाली लिहितात आणि मग तिकडची विचारतात. मी दोन्हीतलं काय लिहू? काल नदीवर तुझा दहावा झाला. तिथून आलो तो ओसरीवर बसलोय, अंगात जीव असून नसल्यासारखा. वहिनीनं काल तुझ्या पिंडासमोर, चारचौघांत जे सांगितलं, ते डोक्यातून हलत नाही. खरं-खोटं एकट्या तुलाच ठाऊक, आणि विचारायला जावं तर तू जागेवर नाहीस. म्हणून लिहितोय. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिता लिहिता मोठ्यानं बोलतोय. सून दोनदा आतून डोकावून गेली. म्हातारं बिघडलं म्हणत असेल.

बिरू, इतकी वर्षं तू माझा चेंडू पायानं पुढं सारत होतास?

आठवतं का, हे खूळ कसं लागलं मला? मोमिनाबादच्या छावणीतला घोडेस्वारांचा रिसाला उठला आणि माझ्या हातचं काम गेलं. उभी हयात घोड्यांची खोगिरं शिवली, लगाम ओवले. अक्षरंसुद्धा तिथंच, बाजाराच्या पुड्यांचे कागद उलगडून, आपली आपण शिकलो. घोडेच गेल्यावर खोगीर कुणाला लागतं? जाताना एका साहेबानं मला बोलावून घेतलं. माझ्या खोगिरानं त्याच्या घोडीची पाठ कधी सोलली नव्हती, म्हणून माणूस खूश होता. त्यानं लोखंडी तोंडाची एक लांब काठी दिली आणि लिंबाएवढे पांढरे, टणक चेंडू. तो खेळ मी शिवताना ओट्यावरून बघत आलो होतो. साहेब लोक गोल्फ म्हणायचे त्याला. लांबच्या एका बिळात चेंडू घालायचा, तोही कमीत कमी टोल्यांत. लांबून बघताना वाटायचं, यात काय मोठं? विटीदांडू आपणही खेळलो की.

तू ती काठी उलटीसुलटी करून बघितलीस आणि म्हणालास, "फांदी वढायला बी उपेगाची न्हाई. काय कामाची बे ही?"

"खेळायची."

"पोरं खेळतेत, नाम्या. म्हातारे खोकतेत."

पण बीळ शोधून दिलंस ते तूच. तुझी ज्वारी मळून झाली होती. खळ्यातली मधली मेढ, बैल ज्याभोवती फिरतात तो खांब, उपटलेली, तिचा खड्डा तेवढा उरलेला. भोवती वहिनीनं शेणानं सारवलेलं खळं, तळहातासारखं. साहेबाच्या मैदानावर असली जागा मी बघितली नाही. तू खड्ड्यात हात घालून म्हणालास, "हे घे तुझं बीळ. उंदीर न्हाई, हमी माझी." खळ्यावर पायात घालून जायचं नाही, ही रीत. मग तू आणि मी कडेला वहाणा काढायचो आणि अनवाणी त्या खड्ड्याभोवती वाकून चेंडू ढकलत बसायचो. वहिनी म्हणायची, "सुगी सरली, दाणं घरात आलं, आन् मी ह्या दोन बुडग्यांसाठी खळं सारवतीय."

रस्ता ठरला तो असा. बांधावरच्या दगडापाशी पहिला टोला. पुढं मुरमाचा माळ, एका अंगाला निवडुंगाचं कुंपण, मध्यावर ती एकटी बाभळ आणि बाभळीच्या पुढं, बऱ्याच अंतरावर, खळं. माझी हौस एवढीच, की पहिल्या टोल्यात चेंडू बाभळीपुढं जावा. एवढंसं मागणं. पण ह्या एवढ्याशा मागण्यानं मला किती रडवलं, तू बघितलं आहेस.

पहिल्या सुगीला तर चेंडूला काठी लागायचीच नाही. मुरूम उडायचा, चेंडू तिथंच बसून माझ्याकडं बघायचा. मग लागायला लागली, तर चेंडू निवडुंगात. मी पाय सरकवले, तर दुसऱ्या अंगाला. मनगट आवळलं तर बोटं सुजली, सैल सोडलं तर काठीच हातातून सुटून तुझ्या मेंढ्यांत गेली. मी दगडाला शिव्या घातल्या, उताराला घातल्या, वाऱ्याला घातल्या. तू मेंढरांमागून ओरडलास, "नाचता येईना, अंगण वाकडं." एवढं एकच वाक्य, आणि परत तोंड फिरवून उभा राहिलास. मला इतका राग आला, की दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

आणि मग एके दिवशी चेंडू बाभळीपुढं गेला.

मला कुठं दिसला म्हणा. शिवण करून करून माझी लांबची नजर कधीच अधू झालेली; माणूस, मेंढरू दिसायचं, चेंडू नाही. टोला मारायचा आणि तुझ्या हाकेकडं कान लावून उभं राहायचं. तू चालत गेलास, बाभळीपाशी वाकलास आणि हाक दिलीस, "नाम्या, पुढं हाय." मी दगडापासून धावत आलो. खरंच पुढं होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटलं, जमलं, आता काय राहिलं? दुसऱ्या दिवशी तू आठवड्याच्या बाजाराला गेलास, मी एकटाच खेळलो, आणि येरे माझ्या मागल्या. चेंडू शोधता शोधता अंधार पडला, तेव्हा मुरमाच्या खड्ड्यात सापडला, दगडापासून जेमतेम वीस पावलांवर.

असंच चाललं मग वर्षानुवर्षं. एक दिवस गगनाला हात, चार दिवस माती. हाच हात, हीच काठी, मग काल जमलं ते आज कावून जमत नाही, हे कोडं मी रात्रंदिवस सोडवत बसायचो. आडवं पडून खांदा असा फिरवून बघ, तसा फिरवून बघ. शेवटी मला एकच उत्तर सापडलं. तू माळावर असलास की टोला बरा बसतो, तू नसलास की बिघडतो. मी तुला तसं सांगितलंही. "तुझा पायगुण आहे, बिरू." तू खोकायला लागलास. खोकला थांबेना तुझा. मी तुला पाणी आणून दिलं.

आता कळतंय, तो खोकला नव्हता.

त्या संध्याकाळी काय झालं, ते मी कुणालाच नीट सांगू शकलो नाही. तुला सांगतो, तू तिथं असूनही. दगडापाशी उभा राहिलो, काठी उचलली, सोडली. आवाज निराळाच आला, सुकी फांदी मोडावी तसा, आणि हाताला काहीच लागलं नाही. चेंडू लागला का हुकला, हेही मला कळेना. तू शेजारी उभा, कपाळावर आडवा हात धरून बघत होतास. हसला नाहीस, ओरडला नाहीस, नुसती एक लांब शीळ घातलीस आणि घोंगडी खांद्यावर टाकून चालायला लागलास. मी हाकेची वाट बघत राहिलो. तू बाभळीपाशी पोचलास आणि खाली बसलास.

मी ओरडलो, "बसला कावून बे? सांग ना, कुठं पडला?"

तू बोलला नाहीस. मला वाटलं, मला तंगवतोयस. तुझी खोड ती. मी आणखी दोन-चार शिव्या हासडल्या. मेंढरं तुझ्याभोवती गोळा झाली आणि बसली. मेंढरं अशी अवेळी बसत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं, तरी मी हळूहळूच चालत आलो. तू बुंध्याला टेकून होतास, डोळे उघडे, समोर बघत. मी तुझ्या खांद्याला हात लावला.

बिरू, माणूस असा जातो? शीळ घालून, बाभळीपर्यंत चालत जाऊन? ना ताप, ना आजार, ना "नाम्या, मला बरं वाटत न्हाई." दुपारी माझ्या तंबाखूतली चिमूट घेतलीस. मला अजून वाटतं, उठून माळावर गेलो तर तू बसलेलाच असशील.

मग काल दहावा. तुझा सिदू आला, तुझा भाऊ आला, धाकल्या पोरी आल्या. पिंड ठेवला. पिंपळावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. भाऊ म्हणाला, "मेंढरं इकणार न्हाई, बिरू." कावळा गप. सिदू म्हणाला, "आईला अंतर देनार न्हाई, बाबा." कावळ्यानं चोच पुसली. लोक कुजबुजले, म्हाताऱ्याचा जीव त्या चेंडूत अडकलाय, त्या काठीनं घात केला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं झालो. हात जोडले आणि म्हणालो, "बिरू, काठी ह्या नदीत टाकतो. परत कधी हात लावणार नाही." कावळ्यानं माझ्याकडं पाठ केली.

ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची वेळ आली, तेव्हा वहिनी उठली. पदर सावरला आणि तुझ्याशी बोलली, जशी घरात बोलते तशी. "आवो, जावा आता. भावजीला चेंडवाचं मी सांगते."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. सगळे बघत राहिले. मीही.

मग ती माझ्याकडं वळली. "भावजी, तुमचा चेंडू बाभळीपातूर कदी गेलाच न्हाई. हे वहाणेच्या टोकानं पुढं सारायचे आन् मग हाळी द्यायचे."

मी म्हणालो, "वहिनी, काय बोलता?"

"खरं तेच. छावणी उठल्यावर तुमी वसरीवर बसून भितीकडं बघायचे. हे मला म्हणायचे, नाम्या एक दिस त्या भितीत जाईल. चेंडू पुढं गेला, त्या दिवशी तुमी घरी जाऊन भाकरी मागून खायचे. तुमच्या सूनबाईनंच सांगितलतं मला."

आधी न्हाव्याला हसू फुटलं. मग तुझा भाऊ हसला, मग घाटावरचे सगळेच. दहाव्याला हसतात का माणसं? मीही हसलो असेन, मला आठवत नाही. कानात नुसता घूं आवाज होता. पायगुण म्हणालो होतो मी. पायगुणच होता की, खराखुरा.

तुझ्यावर रागवायचं ठरवलं, तर रागही धड येईना. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंस आणि इतकी वर्षं खालून झाड धरून उभा राहिलास. एकदा तरी सांगायचंस, लेका. मी चिडलो असतो, काठी मोडली असती, तुझ्याशी महिनाभर बोललो नसतो. मग आलोच असतो ना परत? अन् आता माझ्याजवळ काय राहिलं? जी सुधारणा म्हणून मी मनात जपत होतो, ती सगळी तुझ्या वहाणेची. मी पहिल्या दिवशी जिथं होतो, तिथंच उभा. आणि काठी टाकायचा शब्द वर देऊन बसलोय.

इथवर लिहिलं होतं, बिरू, आणि सिदू आला. मेंढरं बाहेर थांबवून. चेहरा तुझाच, तू रागावलास की व्हायचा तसा.

"तात्या, काठी टाकली का?"

"नाही अजून."

त्यानं मूठ उघडली. चेंडू. "हा घ्या. मेंढरामागं गेलतो, घावला."

"कुठं?"

"खळ्याच्या कडंला. तुमी वहाणा काढून ठिवता न्हाई का, तिथं."

मला कळेचना. मी विचारलं, "बाभळीच्या अलीकडं?"

"अलीकडं कावून? बाभळ कुठं, खळं कुठं. बाबा बसलेले तिथून लई पुढं."

"तू नाही ना सारलास?"

"तात्या, बाप गेला माझा. मी चेंडू सारीत बसू?"

"मेंढरांनी लाथाडला असेल."

"मेंढरं तर बाबाभवती बसून व्हती. तुमीच सांगितलं ना समद्यास्नी."

मी आत जाऊन कोनाडा बघितला. बाकीचे चेंडू जागेवर होते. म्हणजे तो त्या संध्याकाळचाच. बिरू, मी उंबऱ्यावरच बसलो. तू बाभळीपर्यंतच पोचलास. चेंडूला तुझी वहाण लागलीच नाही. बाकी सगळे टोले तुझे, तो एकटा माझा. आणि तू तो बघितलास. दगडापासून बघितलास, म्हणून शीळ घातलीस. मी मात्र तुला शिव्या घालत उभा.

सिदू जाताना दारात थांबला. म्हणाला, "काठी टाका न्हाईतर ठिवा, तुमची मर्जी. आई म्हणतीय, यंदा बी खळं सारवनार हाय."

तर काठी मी टाकत नाही. नदीवरचा शब्द कावळ्यानंच घेतला नाही, मग मोडला कसा म्हणायचा? दुसरा शब्द देतो तुला. ज्वारी मळून झाली, मेढ उपटली, की बांधावरच्या दगडापाशी उभा राहीन. टोला मारीन आणि चेंडू शोधायला माझा मी जाईन, चाचपडत का होईना. मुरमाच्या खड्ड्यात पडला तर खड्ड्यात म्हणेन, निवडुंगात गेला तर निवडुंगात. तसा टोला जन्मात परत बसेल, असं मला वाटत नाही. पण चेंडू कुठंही पडो, घरी येऊन भाकरी मागून खाईन. रोज.

तुझा,
नाम्या