लावलेल्या दाराआड

डोंगरकडा. मंगळवार, दिवेलागण.

आज नांदेडहून संशोधनवाली पोरगी आली होती. पाळीची तकलीफ, अंगावरून जाणं, नवऱ्याजवळ असताना होणारं दुखणं, यावर तिचा अभ्यास चालू आहे. धाकट्या जावेला, मंगलला घेतलं. मला न्हाई. काहून, विचारलं तर म्हणाली, "ताई, तुमची पिशवी काढलेली आहे. या अभ्यासात तुम्ही बसत नाही."

पिशवी गेली म्हणजे दुखायचंबी गेलं, असं वाटत असेल का तिला?

मग तासभर दार लावून घेतलं. आमच्या घरात दिवसाढवळ्या दार कोण लावतं? पण पोरगी म्हणाली, "आजी, खासगी बोलायचंय," आणि सासूबाईसुद्धा उठून बाहेर गेल्या. मंगलसाठी दार लागलं. मी बाहेर चहा पुन्हा पुन्हा गरम करत बसले. पाळीत बाजूला बसून मिळणारा आराम तिलाच, माझा तर पिशवीबरोबरच गेला. आता हे दारही तिलाच.

पोरगी गेल्यावर मंगलला गाठलं. "काय विचारलं गं?"

"नवरा जवळ येतो तवा तुमची मर्जी असती का, असं."

"मग?"

"मी म्हणलं, सगळं बराबर हाय."

सगळं बराबर. रात्री भिंतीपल्याडून तिचं रडणं मला ऐकू येतं. लावलेल्या दाराआड, कुणी एवढं मायेनं विचारत असताना, हिनं इतकंच सांगितलं.

मला विचारलं असतं तर तो तास पुरला नसता.