ज्या सकाळी तुझे आजोबा गेले होते

फोनवर तू हसलीस ते मला मुळीच आवडलेलं नाही. सगळ्या कुरणात फोन लागतो तो फक्त त्या टेकडीवर, आणि माझ्या मागे शेजारच्या तंबूतल्या जुमाबेकची बायको नि तिच्या दोन जावा आपली पाळी यायची वाट बघत उभ्या होत्या. तिघींनी तुझं खिदळणं ऐकलं. "आजी, निदान छातीला कान तरी लावायचास!" म्हणे. चाळीस वर्षं या खोऱ्यातले लोक माझ्या हातात मनगट देताहेत. मी कुणाच्या छातीला कान लावला नाही, आणि या वयात नवऱ्याच्या लावू?

असो. प्रिय बुरुल, तुझे आजोबा ठणठणीत आहेत. हे आधी लिहिते, नाहीतर पत्र बघून त्या दिवशीसारखी परत टॅक्सीत बसशील नि अर्ध्या वाटेवरून मागे फिरशील. काल त्यांनी एका बैठकीत घोडीच्या दुधाचा आंबट कुमीस सहा वाट्या प्यायला आणि मीठ कमी म्हणून माझ्या रश्शाला नावं ठेवली. तुझी नर्सिंगची शेवटची परीक्षा झाल्याचं तुझ्या आईने सांगितलं. तिने हेही सांगितलं की बिश्केकातला एक मोठा दवाखाना तुला घ्यायला तयार आहे. चांगलं आहे. तिथे खोलीत पाणी येतं.

आता त्या सकाळचं नीट ऐक, फोनवर तू ऐकून घेतलंच नाहीस. आदल्या दिवशी तुझे आजोबा पळालेल्या घोडीमागे ओढ्यात उतरले आणि कमरेपर्यंत भिजून आले. कपडे बदला म्हटलं, तर म्हणाले, "बाई, मी लोकर आहे का आटायला?" तीन गोधड्या घेऊन झोपले. सकाळी मी घोड्यांची धार काढून तंबूत आले तरी ते तसेच. तोंड उघडं, रंग शिळ्या चरबीचा, हात ओढ्यातल्या गोट्यासारखा गार. मी मनगट धरलं. तीन बोटं, तुला लहानपणी शिकवली होती तशी: पहिलं हृदयाचं, मधलं काळजाचं, तिसरं मूत्रपिंडाचं. काही नाही. दुसरं मनगट धरलं. काही नाही. मानेखाली दाबलं. तिथेही नाही.

मी रडले नाही. गोधडी त्यांच्या तोंडावरून घेतली, चूल विझवली आणि जुमाबेकला हाक मारली. त्याने विचारलंसुद्धा नाही, "नक्की का?" म्हणून. मी हात धरून "गेला" म्हटलं की माणूस गेलेला असतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तासाभरात खालून वरून घोडेस्वार आले. आपल्या रीतीप्रमाणे पुरुष लांबूनच घोडे दौडवत, "हाय माझ्या काळजा! हाय माझ्या काळजा!" असा टाहो फोडत आले आणि काठ्या टेकून तंबूबाहेर ओळीने उभे राहिले. तुमच्या पुस्तकात काळीज म्हणजे यकृत, पित्त तयार करायची जागा, तू मला चित्र काढून दाखवलं होतंस. मग गेलेल्या माणसाला आपण काळीज म्हणून का रडतो? माणूस एकदा आपला झाला की तो तिथे जाऊन बसतो. हृदय काय, जिना चढलं तरी धडधडतं.

मी बायकांबरोबर आत, त्यांच्याकडे पाठ नि भिंतीकडे तोंड करून बसले होते. मागे खोकला ऐकू आला, पण खोकणारे पुष्कळ होते. मग बाहेर एक ओळखीचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडू लागला. जाऊन बघते तर तुझे आजोबा! लोकरीच्या नमद्याचे बूट चढवून, पांढरी टोपी घालून, माझी सरपणाची काठी टेकून रांगेत शेवटी उभे, आणि "हाय माझ्या काळजा!" चाललंय. डोळ्यांतून खरं पाणी. मधेच शेजारच्याला कोपराने ढोसून विचारतात, "अरे, गेलं कोण?" तो बिचारा पांढराफटक पडला आणि काठी टाकून पळाला. जुमाबेक म्हणाला, "आजोबा, तुम्हीच." आजोबांनी बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, "बरं झालं, मला वाटलं कोणी जवळचं गेलं."

लोक हसून हसून गवतात लोळले. मयताच्या जेवणाला कापायला आणलेली घोडी सोडून दिली, एक मेंढी मात्र कापून झाली होती, तिचं जेवण झालं. तिचं काळीज मी तुझ्या आजोबांना दिलं. एरवी ते मानाच्या पाहुण्याला देतात. एक तुकडा त्यांनी मला भरवला, सगळ्यांसमोर, या म्हाताऱ्याला लाज म्हणून नाही. मी खाल्ला.

सगळे म्हणाले, गारठला होता, झोप गाढ, नाडी बारीक झाली असेल. मीही हो म्हटलं. आता जे लिहिते ते वाचून कागद चुलीत घाल. चार दिवसांपूर्वी जुमाबेकची सून तापलेलं बाळ घेऊन आली. बाळ गळा काढून रडत होतं आणि माझ्या बोटांखाली त्याची नाडी नव्हती. रडणाऱ्या पोराची नाडी नाही, असं कधी असतं का? त्याच्या बरगड्यांमधलं कातडं आत ओढलं जाताना दिसलं, म्हणून मी म्हटलं, "फुप्फुसाचं दिसतंय, आत्ताच्या आत्ता खाली ने." खाली डॉक्टरांनी फुप्फुसाचंच सांगितलं. आज निरोप आला, ताप उतरला, बाळ दूध ओढतंय. तो ऐकून मी हे पत्र लिहायला बसले.

बोटं माझीच मेली आहेत, बुरुल. हिवाळ्यापासून. किटलीचा कान धरते तेव्हा आधी कातडी जळल्याचा वास येतो, मग कळतं. पायाला एक जखम आहे, ती वाळत नाही. गेल्या उन्हाळ्यात तू रक्तातली साखर तपासून घे म्हणालीस आणि मी तुला डाव फेकून मारला. तो लागला नाही, नाहीतर आज माफी मागावी लागली असती. येताना ती सुई घेऊन ये, मी बोट पुढे करीन, तसंही दुखणार नाही. गावातल्या दवाखान्यातली नर्सची जागा दीड वर्ष रिकामी आहे. मी तुला ती घे म्हणत नाही. पण लोक अजून मनगट घेऊन येतात, आणि त्यांना कुणाकडे पाठवायचं ते मला ठरवायचं आहे. तुझी आई विचारून, समजावून, गोड करून लिहील. मला ते नको. हो की नाही, ते तूच लिही, तुझ्या हाताने. दुसऱ्या कुणाचं अक्षर दिसलं तर मी पाकीट फोडणार नाही.

तुझीच, अजून उभी असलेली,
बातमा आजी