चाक पंक्चर झालं नव्हतं

ताई,

काल फोनवर मी तुला म्हणालो, उतरताना माझ्या विमानाचं चाक पंक्चर झालं. ते खोटं होतं. त्या आडरानातल्या धावपट्टीवर चाकं टेकली आणि समोर वासरू आलं. त्याला वाचवायला मी विमान वळवलं, ते गवतात घुसलं आणि उलटं झालं. मी आणि शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई पट्ट्यांना वटवाघळांसारखे लटकत होतो. पेट्रोलचा वास आला आणि मी घाईघाईने पट्टा सोडायला गेलो.

बाई शांतपणे म्हणाल्या, "बाळा, आधी एक हात छताला टेकव, मग पट्टा सोड. घाई केलीस तर मान मोडेल."

अगदी तुझाच सूर! मी निमूट ऐकलं. दोघं रांगत बाहेर आलो. माझं मनगट मोडलं, त्यांचा चष्मा फुटला. वासरू मजेत चरत होतं.

उजव्या हाताला प्लॅस्टर आहे, म्हणून डाव्या हाताने काढलेले हे कोंबडीचे पाय. आईमागे तूच मला वाढवलंस. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून थाप मारली. पण तुझ्याशी खोटं बोललो, हे कालपासून सारखं टोचतंय. हे पत्र पोचायला चार दिवस लागतील, तेवढा धीर मला नाही. आत्ताच फोन करतो. रागाव हवं तेवढं, पण ये.

तुझा,
धांदरट