बोडीकडचा उजेड

साकोली,
सप्टेंबर १९८४

प्रिय पंचफुला,

माझं पत्र पाहून दचकशील. मला कुठे लिहिता येतं? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा लाइटचा नकाशा काढायचा, एवढंच माझं लिहिणं. गोल म्हणजे बल्ब, त्रिकोण म्हणजे डालड्याच्या डब्यात बसवलेला स्पॉट, आणि कोण कुठे उभा त्याचं पहिलं अक्षर. तुझा 'पं' मी जरा जास्तच वळणदार काढायचो.

पहिल्या वर्षी मी नकाशात डावी-उजवी लिहिलं होतं, आठवतं? माझी डावी प्रेक्षकांची, तुमची डावी नटांची. राजा अंधारात बसला आणि उजेड पडला तबलेवाल्याच्या टकलावर. तेव्हापासून आपण डावं-उजवं सोडलंच. तळ्याची बाजू ती बोडीकडची, शंकरपटाचे बैल धावायचे ती पटाकडची. नागपूरच्या एका लाइटवाल्याने नकाशा पाहून विचारलं, हे बोडी कोणत्या कंपनीचं सामान? म्हटलं, आमच्याकडेच मिळतं.

पण माझा सगळा उजेड बोडीकडेच कलायचा. मंडळाचे अध्यक्ष भय्याजी तालमीत सगळ्यांसमोर म्हणाले, "जागेश्वर, तुया लाइटाले लकवा मारला का रे? सारा उजेड बोडीकडंच काहून जाऊन राहिला?" मी म्हणालो, पटाकडची वायर खराब आहे. वायरमनची नोकरी करणारा मी, आणि माझीच वायर वर्षानुवर्षं खराब! तू तोंडाला पदर लावून हसत होतीस.

खरं कारण तुला ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. शाळेतल्या एका दुपारच्या तालमीत मी तुला तुझ्या डाव्या बाजूने हाका मारल्या. तू वळली नाहीस. उजवीकडे येऊन हळूच बोललो, तर लगेच वळलीस. मग कळलं, तू बोडीकडच्या विंगेला चिकटून का उभी राहतेस. तिथे तुझा भाऊ आनंदराव प्रॉम्प्टिंग करायचा, आणि तुझा चांगला कान तिकडे असायचा. तुला मधोमध आणणं शक्य नव्हतं, म्हणून मी उजेडच तुझ्याकडे आणला. बोललो कुणाजवळ नाही. कानाची गोष्ट फुटली असती तर तुझी सोयरीक मोडली असती. मी गप्प बसलो, सोयरीक जुळली, आणि तू चिखल्याला खाणीच्या कॉलनीत नांदायला गेलीस. मांडवाला दिव्यांच्या माळा मीच लावल्या. तुमच्या घरी बुद्धवंदना, आमच्या घरी सत्यनारायण. तुला मागणी घालायची माझी छाती झाली नाही. त्या दिवशी फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

सवय काही जात नाही बघ. मागच्या मंडईत नागपूरहून आलेल्या बाई मधोमध उभ्या राहून अंधारात रडल्या. उजेड आपला बोडीकडे. बोडी बुजवून तिथे बसस्टँड झालंय, तरी नकाशात मी बोडीच लिहितो. बाईंनी माझा उद्धार केला, भय्याजींनी चहा पाजला.

तुझे मालक गेले, तू पवनीला बहिणीकडे आलीस, हे कळलं होतं. परवा आनंदराव बाजारात भेटला, त्याच्याकडून बाकीचं कळलं. यंदाच्या नाटकात आईच्या कामाला मंडळाने तुला बोलावलं, आणि तू निरोप दिलास, "आता दुसरा कानही गेला. मले आयकू येत नाही, मी कायची बोलतो?" पंचफुला, तुझ्याशिवाय ती आई मला दिसतच नाही. म्हणून सोबत नकाशा पाठवतोय. बोडीकडच्या विंगेत यंदा प्रॉम्प्टर नाही. तिथे फक्त तुला दिसेल असा एक बल्ब आहे. पेटला की तुझं वाक्य, विझला की थांबायचं. उजेड कमी-जास्त करायचा तो मिठाच्या पाण्याचा डिमर घेऊन मी त्याच्याच खाली बसेन. तुझी वाक्यं मला पाठ झाली आहेत.

पवनीला येऊन बोललो असतो, पण तुला ऐकू गेलं नसतं, आणि ही गोष्ट गावभर ओरडून सांगायची नाही. म्हणून लिहिलं. नकाशात तुझ्या 'पं'शेजारी यंदा पहिल्यांदाच एक 'जा' काढलाय. तो निघून जा असा वाचू नकोस. तो मी आहे. नाटक झाल्यावर तो खोडायचा की तसाच राहू द्यायचा, ते तू येऊन सांग.

तुझाच, बोडीकडे बसलेला,
जागेश्वर