दहा आणि तीस

मंगळवार, १३ तारीख
जुनी इमारत, सर्व्हरची खोली

प्रिय शेजारी,

तू बरा असशील. मी बरी आहे. आई तुझी चौकशी करते. मी "मजेत आहे" असं ठोकून देते.

कालच्या बिघाडाचा अहवाल साहेबांना दिला. तो असा:

१. रुग्णालयाच्या दोन इमारतींमधले नेटवर्कचे रस्ते आजवर हाताने लिहिलेले होते. ते काढून वायफाय कंट्रोलरवर डायनॅमिक राउटिंग सुरू केलं. आता दोन्हीकडची यंत्रं आपसात बोलून रस्ता ठरवतील.
२. ही यंत्रं एकमेकांना ठरावीक वेळाने 'हॅलो' पाठवतात. जुन्या इमारतीतलं दर दहा सेकंदांनी, नव्या इमारतीतलं दर तीस.
३. दोन्ही हॅलो पोचत होते. आकडा जुळत नसल्याने कोणीच ओळख देत नव्हतं. नव्या इमारतीतल्या सिस्टरांच्या टॅबवर पेशंटची माहिती उघडेना.
४. दोन्ही बाजूंनी दुरुस्ती केली. बिघाड कायम.
५. एकाच बाजूने केली. सुरळीत.

चौथ्या मुद्द्यावर साहेब अडले. "दुरुस्त केलं, तर बिघाड कायम कसा?"

"समन्वय कमी पडला, सर," मी म्हटलं. याहून जास्त त्यांना काय सांगणार होते?

तू डोंगरापलीकडच्या नव्या इमारतीत गेल्यापासून काल आपण पहिल्यांदाच फोनवर बोलत होतो.

"तुझ्याकडे किती आहे?"

"तीस. डोंगरावरून सिग्नल रडतखडत येतो, म्हटलं उगाच भार नको. तुझ्याकडे?"

"दहा."

"बरं."

मला तुझ्या कीबोर्डचा आवाज येत होता, तुला माझ्या. मी गुपचूप तीस केलं. तू गुपचूप दहा केलंस.

शिडीवरून अँटेनाचा खांब तपासणारे वायरमनमामा ओरडले, "झालं का गं?"

"नाही, मामा."

"खांब सरळ आहे माझा. वाकडं तुमच्या दोघांत आहे, तिथे माझा पाना चालत नाही!"

ते तुला ऐकू गेलं आणि तू हसलास. "बाई, आता तू हात लावू नकोस. मीच परत तीस करतो."

जोडणी झाली. "आलं. ठेवते," मी म्हटलं आणि ठेवला. ठेवायचा नव्हता.

शेजारच्या खुर्चीत होतास तेव्हा तू चहाचा कप माझ्या नेटवर्क स्विचच्या झाकणावर ठेवायचास आणि मी खेकसायचे. झाकणावर आता डाग पडत नाही. मी ते रोज पुसते.

जाण्याआधी तू विचारलं होतंस, "लग्नानंतर राहायचं कुठे? इथे की तिथे?" मी म्हटलं, "बघू." तू तो नकार समजलास. लग्न करशील का, असं तू विचारलंच नव्हतंस. तेवढा भाग मी मनात कधीच मंजूर करून टाकला होता. विचार चालला होता तो फक्त इमारतीचा.

आता आजची गोष्ट. अहवाल घेता घेता साहेब म्हणाले, "काय गं, तुझा शेजारी परत यायचं म्हणतोय. अर्ज आलाय त्याचा. तुला काही बोलला नाही?"

"नाही, सर."

तू विचारायचं सोडून थेट अर्जच केलास. आणि माझ्या खणात माझा अर्ज भरून पडला आहे. नव्या इमारतीत बदली मिळावी म्हणून. खाली सही करायची राहिली आहे, एवढंच.

साहेब अर्ज शनिवारी मंजूर करतात, एकेक करून. एकाशेजारी दुसरा ठेवून बघायची त्यांना सवय नाही. तू इथे माझ्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसला असतास आणि मी तिथे तुझ्या.

फोन केला असता, पण फोनवर मी पुन्हा "ठेवते" म्हणाले असते. म्हणून हे पत्र उद्याच्या गाडीने, अँटेनाच्या खोक्यात.

तिथे मला यायचं आहे. डोंगराखातर नाही. या वेळी तू हात लावू नकोस. तुझा अर्ज मागे घे, बदल मी करते. आईला सांगून झालं आहे. ती म्हणाली, "एवढा वेळ कशाला लावलास?"

तुझं मन बदललं असेल, तर तसंही लिही. मी सही करणार नाही.

शुक्रवारपर्यंत उत्तर दे.

तुझीच,
शेजारीण